अस्तंब्याची चढण आणि अंगातले पाणी

पावसाळा सुरू झाला की शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सात पायरी घाटाची वळणे चढून वर गेले की हवा एकदम बदलते. यशवंत तलाव, सीताखाईत कोसळणारे पाणी, गोरखनाथाचे मंदिर, मच्छिंद्रनाथाची गुंफा असे सगळे एका दिवसात पाहून बहुतेक जण अंधार पडायच्या आत खाली उतरतात. दिवाळीत ही गर्दी अस्तंब्याकडे वळते. धनत्रयोदशीच्या सुमारास सुरू होणाऱ्या अश्वत्थाम्याच्या या यात्रेला नंदुरबारबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही भाविक येतात. अनेक जण तळोद्याहून पायीच निघतात आणि शेवटची चढण रात्रीच्या गारव्यात चढतात.

कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी अश्वत्थामा तेल मागत फिरतो, ही कथा या डोंगरात सगळ्यांना ठाऊक आहे. मधुमेह असलेल्या भाविकांनी ती ऐकताना आपल्या तळपायाकडेही एकदा पाहावे. अनवाणी चालताना रुतलेला खडा त्यांना कळत नाही आणि जखम महिनोन् महिने भरत नाही.

या सहलींबाबत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळा असतो: वर ऑक्सिजन कमी असतो म्हणून दम लागतो का? अस्तंब्याचे शिखर सुमारे १३२५ मीटर उंच आहे आणि तोरणमाळ त्याहून थोडे खाली. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असतो. निरोगी माणसाचे फुप्फुस आणि रक्त एवढा फरक सहज सांभाळून घेतात. उंचीचा म्हणून जो त्रास होतो, तो साधारणपणे अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. म्हणजे सातपुड्यात दम लागला तर बोट उंचीकडे दाखवून भागत नाही. सवय नसणे, रक्त कमी असणे, हृदयाचा जुना आजार किंवा अंगातले पाणी कमी होणे, कारण बहुधा यांपैकी एखादे असते. यातल्या शेवटच्या कारणाकडे फारसे लक्ष जात नाही.

याला कारणीभूत ती थंड हवाच आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. खाली तापीकाठी घामाने सदरा भिजला की तहान आपोआप लागते. वर वाऱ्यावर घाम लगेच वाळतो, अंग कोरडे वाटते आणि माणूस पाण्याची बाटली पिशवीतच ठेवतो. प्रत्यक्षात चांगली चढण चढताना तासाला अर्धा ते एक लीटर घाम सहज जातो. त्यात निघताना फक्त चहा घेतलेला असला, वाटेत दारू झाली असली, तर तूट आणखी वाढते. दारूने लघवी जास्त होते. अंग गरम झाल्यासारखे वाटते, पण शरीरातली उष्णता उलट बाहेर पडते.

बहुतेक निरोगी लोकांना याची शिक्षा डोकेदुखी आणि पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांपुरती होते. सिकलसेल असलेल्या माणसाचे तसे नसते. महाराष्ट्रात या आजाराचा भार ज्या जिल्ह्यांवर सर्वाधिक आहे त्यांत नंदुरबार येतो, म्हणून इथल्या डोंगरवाटांबद्दल लिहिताना हा विषय टाळता येत नाही.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो. ऑक्सिजन सोडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून कांड्या तयार करते आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. पेशीतले पाणी जितके कमी, तितके हिमोग्लोबिन दाट आणि कांड्या बनण्याचा वेग जास्त. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत असह्य वेदना सुरू होतात. हा बदल इतक्या लोकांत टिकून राहिला तो मलेरियामुळे. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो, त्याला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवून दिले. म्हणूनच सिसिली आणि ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या जुन्या गावांत आढळणारा हा आजार सातपुड्याच्या पाड्यांवरही आढळतो. मलेरिया दोन्हीकडे पिढ्यान् पिढ्या होता.

पाण्याबाबत सिकलसेल रुग्णाची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. ट्रेकिंगला जाणाऱ्यांना नेहमी सल्ला दिला जातो की लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी असेल तर पाणी प्या, फिकट असेल तर काळजी नाही. निरोगी माणसासाठी तो बरोबर आहे, कारण पाणी कमी पडले की मूत्रपिंड लघवी दाट करून पाणी वाचवते. पण मूत्रपिंडाच्या आतल्या भागातच ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात. वाकड्या पेशी तिथे लहानपणापासून अडकत राहतात आणि लघवी दाट करण्याची ही क्षमता हळूहळू नष्ट होते. त्यामुळे अंग कोरडे पडले तरी रुग्णाची लघवी फिकट आणि भरपूरच राहते. रंग पाहून निश्चिंत झालेला हाच माणूस अडचणीत येतो. वाहकांमध्येही ही क्षमता काही प्रमाणात कमी झालेली असू शकते. अशांनी तहानेवर किंवा रंगावर न जाता घड्याळावर जावे: निघण्याआधी दोन पेले आणि चढताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी काही घोट.

लांबच्या चालीत नुसत्या पाण्यापेक्षा ओआरएस बरे, कारण घामाबरोबर मीठही जाते. पाकीट नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते. चमचा चहाचा घ्यावा. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणाने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. दुकानातल्या गोड रंगीत पेयांना मात्र ओआरएस समजू नये. मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी किती पाणी आणि मीठ घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे गारठा. अचानक थंडी लागली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळते आणि सिकलसेलची कळ उठू शकते. पावसाळ्यात धबधब्याखाली उभे राहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण सिकलसेल असलेल्या मुलाने तो आवरावा. ओले कपडे लगेच बदलावेत. अस्तंब्याला रात्री जाताना स्वेटर, कानटोपी आणि एक कोरडा सदरा पिशवीत असावा.

वाहक, म्हणजे ज्यांच्यात हा दोष एकाच पालकाकडून आला आहे, ते आजारी नसतात आणि त्यांनी डोंगर चढायला हरकत नाही. धोका असतो तो उन्हात, पाण्याविना, पैज लावून धावत चढण्यात. अशा अतिश्रमाने वाहकांचे स्नायू झिजून मूत्रपिंडावर ताण आल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. रुग्णांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सहलीतही चुकवू नयेत आणि चढण आपल्या गतीने चढावी.

सगळ्यात जास्त घात होतो तो दुखणे ओळखण्यात. पंधरा वर्षांचा मुलगा अर्ध्या वाटेवर म्हणतो, पाय दुखतात. बरोबरचे म्हणतात, चल, थोडेच राहिले आहे. थकव्याने दुखणारे पाय बसल्यावर हलके होतात. सिकलसेलची वेदना बसल्यावरही वाढत जाते. ती हाडांत, कमरेत, छातीत असते आणि पुष्कळदा रुग्णाच्या ओळखीची असते. 'मागच्या वेळेसारखेच दुखते' असे त्याने म्हटले की चढण तिथेच थांबवावी. त्याला पांघरूण घालून झोपवावे, घोटघोट पाणी द्यावे, पॅरासिटामॉल द्यावे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये. ताप, छातीत दुखून धाप लागणे, डाव्या बरगडीखाली अचानक कळ, एका बाजूची ताकद जाणे किंवा मूल पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे. डोंगरात सगळीकडे मोबाइलला रेंज नसते. म्हणून निघण्याआधीच खाली एक माणूस आणि एक गाडी ठरवून ठेवावी. धडगाव, तळोदा आणि शहादा यांपैकी कोणते सरकारी रुग्णालय आपल्या वाटेला जवळ आहे, तेही विचारून ठेवावे.

ती गाडी प्रवासी वाहतुकीची असावी. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटून अनेकांचा जीव गेला. वाटेत मुक्काम पडला तर उघड्या जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री झोपलेल्याला चावते, तिचा दंश दुखत नाही आणि पहाटे पापण्या जड होईपर्यंत कळतही नाही. अशा वेळी करकचून दोरी न बांधता, हात किंवा पाय न हलवता, थेट रुग्णालयात न्यावे.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत होते. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. नंदुरबारमधल्या अनेक घरांत तपासणीचे कार्ड आलेले असते आणि ते कपाटात पडून असते. यात्रेला निघताना ते सदऱ्याच्या खिशात घ्यावे, कारण माणूस बोलण्याच्या स्थितीत नसेल तर रात्री रुग्णालयातल्या डॉक्टरला पहिली माहिती त्यावरूनच मिळते.