करकायद्याची जोडपदवी

१९७० साल. न्यूयॉर्कमधले करवकील मार्टिन गिन्सबर्ग करन्यायालयाचे ताजे निकाल वाचत बसले होते. त्यात चार्ल्स मॉरिट्झ नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याचा खटला होता. घरी वृद्ध, आजारी आई आणि कामासाठी सतत बाहेरगावी जाणं. म्हणून त्यांनी आईच्या देखभालीसाठी पगारी माणूस ठेवला आणि १९६८च्या विवरणपत्रात त्या खर्चापोटी ६०० डॉलरची वजावट मागितली. ती नाकारण्यात आली. तेव्हाच्या कायद्यानुसार ही वजावट स्त्रियांना मिळे, विधुरांना मिळे, घटस्फोटित पुरुषांनाही मिळे. कधीच लग्न न केलेल्या पुरुषाला मात्र मिळत नसे. मॉरिट्झ यांनी वकील न घेता स्वतःच बाजू मांडली आणि ते हरले.

मार्टिन यांनी तो निकाल पत्नीला वाचायला दिला. पत्नी म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग. तेव्हा रटगर्स विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक आणि पुढे १९९३ ते २०२० या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती. दोघांनी मिळून अपील लढवलं. कराची बाजू मार्टिननी सांभाळली, समानतेच्या हक्काची रूथनी. १९७२मध्ये मॉरिट्झ जिंकले. त्यावर सर्वोच्च न्यायालयात जाताना सरकारने, या निकालाने किती कायदे धोक्यात येतील हे दाखवण्यासाठी, स्त्री-पुरुष भेद करणाऱ्या शेकडो तरतुदींची यादीच अर्जाला जोडली. न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला घेतलं नाही. पण पुढे कोणकोणत्या कायद्यांना आव्हान द्यायला हवं, हे रूथ यांना त्या यादीने आयतं दाखवून दिलं.

एकाला कराचं कलम अन् कलम ठाऊक, दुसरीला राज्यघटना आणि न्यायालयीन प्रक्रिया. ही दोन्ही ज्ञानं एकाच वकिलाच्या अंगी यावीत, यासाठी अमेरिकेत एक खास वाट आहे: कायद्याची मूळ पदवी आणि करकायद्याची पदव्युत्तर पदवी एकत्र मिळवण्याची, म्हणजे जेडी-एलएलएमची जोडपदवी.

अमेरिकेत बारावीनंतर थेट कायदा शिकता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची जेडी. ही तिथली वकिलीची मूळ पदवी; ती घेऊन त्या त्या राज्याची परीक्षा दिली, की सनद मिळते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमांप्रमाणे जेडीला किमान ८३ श्रेयांक लागतात. करकायद्याची एलएलएम साधारण २४ श्रेयांकांची आणि एका वर्षाची असते. दोन्ही वेगवेगळ्या केल्या, तर चार वर्षं जातात. जोडपदवीत मात्र जेडी करतानाच घेतलेले करविषयक काही अभ्यासक्रम एलएलएमच्या खात्यातही धरले जातात. न्यूयॉर्क विद्यापीठात आणि वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमध्ये आठऐवजी सात सत्रांत दोन्ही पदव्या पुऱ्या होऊ शकतात.

एका सत्राची बचत वरवर किरकोळ वाटते. पण नामांकित खासगी विद्यापीठांत वर्षाची नुसती शिकवणी फी सत्तर-ऐंशी हजार डॉलरच्या घरात असते. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. त्यामुळे अर्ध्या वर्षाचा हिशेब लाखो रुपयांत जातो, शिवाय सहा महिने लवकर कमावायला लागता येतं.

करकायद्यासाठी वेगळं वर्ष द्यावं लागेल, ही कल्पना मुळात महायुद्धाच्या काळातली. १९१३मध्ये राज्यघटनेच्या सोळाव्या दुरुस्तीनंतर अमेरिकेत आजचा आयकर सुरू झाला. तो फक्त श्रीमंतांपुरता होता आणि दर १ ते ७ टक्के. दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चाने चित्र पालटलं. १९३९मध्ये आयकर भरणारे सुमारे ४० लाख होते, ते १९४५पर्यंत चार कोटींच्या वर गेले. १९४३पासून पगारातूनच कर कापला जाऊ लागला आणि सर्वोच्च दर ९४ टक्क्यांपर्यंत चढला. गिरणी कामगारापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांच्या घरात कर पोहोचला, पण तो समजावून सांगणारे वकील मोजकेच होते. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९४५मध्ये करकायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला तो याच पार्श्वभूमीवर. त्यानंतर फ्लोरिडा, जॉर्जटाउन, बोस्टन, डेन्व्हर अशा अनेक विद्यापीठांनी आपापले अभ्यासक्रम उभे केले.

हा अभ्यास म्हणजे आकडेमोड, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात त्यासाठी शाळेतलं गणित पुरतं. कस लागतो तो वाचनाचा. ‘उत्पन्न’ म्हणजे काय, हा पहिलाच प्रश्न घ्या. ओहायोतल्या सेसरिनी दांपत्याने १९५७मध्ये लिलावात १५ डॉलरला एक जुना पियानो घेतला. सात वर्षांनी तो साफ करताना आत ४,४६७ डॉलरच्या जुन्या नोटा सापडल्या. ही रक्कम करपात्र उत्पन्न आहे का? आणि असेल, तर कोणत्या वर्षाचं: पियानो घेतला त्या, की पैसे सापडले त्या? १९६९मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे उत्पन्नच आणि ते १९६४चं, कारण पैसे तेव्हा हाती आले. हा खटला तिथल्या वर्गांत आजही शिकवला जातो.

त्याहून अवघड प्रश्न हेतूचा. एव्हलिन ग्रेगरी या महिलेने कर वाचवण्यासाठी कायद्यातली प्रत्येक पायरी अक्षरशः पाळून एक कंपनी स्थापन केली आणि काही दिवसांतच ती गुंडाळली. कागद निर्दोष होते. तरीही १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार मानला नाही, कारण करबचतीपलीकडे त्या कंपनीला काहीच काम नव्हतं. करनियोजन कुठे संपतं आणि पळवाट कुठे सुरू होते, हा वाद आजही या निकालापाशी येऊन थांबतो. कंपन्यांचा कर, भागीदारीचा कर, वारसा आणि भेटींवरचा कर, आंतरराष्ट्रीय कर असे एलएलएमचे विषय अशाच प्रश्नांनी भरलेले आहेत.

मग हिशेबतपासनीस असताना वकील कशाला? अमेरिकेतही हिशेबतपासनीस विवरणपत्रं भरून देतात आणि आयआरएस या करखात्यासमोर ते अशिलाची बाजूही मांडू शकतात. फरक पडतो तो वाद चिघळल्यावर. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याने गुप्ततेचं संरक्षण असतं. हिशेबतपासनीसाशी झालेल्या बोलण्याला ते मर्यादित आहे आणि फौजदारी प्रकरणात तर नाहीच. मोठ्या व्यवहाराची बांधणी, मृत्युपत्रं आणि न्यास, न्यायालयातली लढाई ही कामंही वकिलाकडे येतात.

तरीही ही वाट प्रत्येकासाठी नाही. अमेरिकेत जेडी झालेल्याला बहुतेक विषयांत एलएलएमची गरज भासत नाही. कर हा त्याला ठळक अपवाद. त्यातही मोठ्या शहरातल्या मोठ्या वकिली संस्थेत जेडीनंतरच नोकरी मिळत असेल, तर आधी काम आणि मग संध्याकाळच्या वर्गांतून एलएलएम, हा मार्ग अनेकांना स्वस्त पडतो. जेडीचं पहिलं वर्ष करार, मालमत्ता, फौजदारी कायदा अशा ठरलेल्या विषयांत जातं. आयकराचा पहिला अभ्यासक्रम सहसा दुसऱ्या वर्षी येतो. जोडपदवीचा निर्णय त्या वर्गातला अनुभव घेऊन करणं शहाणपणाचं, कारण कलमांच्या या जाळ्यात रमणारा विद्यार्थी तिथेच ओळखू येतो.

मराठी घरांशीही या विषयाचा संबंध आहे. अमेरिका आपल्या नागरिकांच्या आणि ग्रीन कार्डधारकांच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर आकारते. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या जोडप्याची पुण्यातल्या बँकेतली मुदतठेव त्यातून सुटत नाही. परदेशातल्या सगळ्या खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्यांची माहिती स्वतंत्र कळवावी लागते. उलट, भारत आणि अमेरिकेत १९८९मध्ये झालेल्या करारामुळे तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते. इतर देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांना सहसा ती मिळत नाही. विद्यापीठात अर्धवेळ काम करणाऱ्या मुलामुलींनी हे आवर्जून तपासावं. भारतात एलएलबी झालेल्यांना जेडी न करता थेट करकायद्याच्या एलएलएमला प्रवेश मिळू शकतो आणि न्यूयॉर्कसारखी काही राज्यं, अटी पूर्ण केल्यास, त्यांना सनदेच्या परीक्षेलाही बसू देतात.

या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र वर्गाबाहेर असतो. १९९८च्या कायद्याने अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या करदात्यांसाठी चालणाऱ्या मदत केंद्रांना सरकारी अनुदान देण्याची सोय केली. त्यांतली बरीच केंद्रं लॉ स्कूल चालवतात. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी खरी प्रकरणं हाताळतात. येणाऱ्यांत कमी पगाराचे नोकरदार असतात, नुकतेच स्थलांतरित झालेले असतात, इंग्रजी जेमतेम वाचता येणारे असतात. करखात्याची कमी भरलेल्या कराची नोटीस आली, की करन्यायालयात जायला ९० दिवस मिळतात. नोटीस देशाबाहेरच्या पत्त्यावर गेली असेल, तर १५०. ती मुदत चुकली, तर आधी पैसे न भरता न्यायालयात दाद मागण्याची संधी जाते. त्यामुळे नोटीस घेऊन आलेल्या माणसाची बाकीची कागदपत्रं उघडण्याआधी विद्यार्थ्याला नोटिशीवरची तारीख बघावी लागते आणि दिवस थोडे उरले असतील, तर अर्ज त्याच दिवशी लिहायला घ्यावा लागतो.