गाडी पुसू नका, पाणी टिपून घ्या

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टॉवेल तपासण्याचं काम करतो. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. घरोघरी हाच टॉवेल विटला, खरखरीत झाला की गाडी पुसायला काढतात. रंगाचं नुकसान तिथूनच सुरू होतं.

गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पोलादी चाकूपेक्षाही कठीण असतात. धुताना राहून गेलेला असा एखादा कण कापडाखाली सापडला आणि वरून हात गोल फिरला, की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. काळ्या गाडीवर, उन्हात, त्या लगेच डोळ्यांत भरतात.

मग गाडी आपोआप वाळू द्यावी का? सोलापुरात तसं करून चालणार नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. मे महिन्यात पारा 40च्या वर जातो, थेंब बघता बघता उडून जातो आणि मागे पांढरा डाग राहतो. म्हणून गाडी सकाळी लवकर, सावलीत धुवावी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे.

टॉवेलच्या गावचा असलो तरी खरं तेच सांगतो, रंगासाठी मायक्रोफायबर घ्या. 9,000 मीटर धाग्याचं वजन 1 ग्रॅम भरलं तर तो 1 डेनियरचा. मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक असतो, म्हणून तो पाणी चटकन ओढतो आणि घासावं लागत नाही. सुती टेरीच वापरायचा असेल तर मऊ, दोन-तीनदा धुतलेला घ्या. नव्या टॉवेलवरच्या फिनिशिंगमुळे तो सुरुवातीला पाणी कमी शोषतो. काठाची शिवण आणि लेबल मात्र रंगाला लागू देऊ नका.

शेवटचं पाणी पाइपचं तोंड न दाबता, टपावरून सावकाश सोडा. बरंचसं पाणी एकसंध पडद्यासारखं ओघळून जातं. मग टॉवेल पत्र्यावर पसरा, तळहाताने हलकेच दाबा आणि उचला. आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाजे आणि सर्वांत शेवटी खालचा भाग. चाकांना वेगळं फडकं ठेवा. आरशांच्या खाचांतून पाणी उशिरापर्यंत झिरपतं, तिथे पुन्हा एकदा टिपून घ्या.

टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी रंगाला लावू नका. धुताना कपडे मऊ करणारं द्रावण टाळा, कारण त्याने पाणी शोषण्याची ताकद कमी होते. मायक्रोफायबर सुती कपड्यांत मिसळू नका, त्यांची लव त्याला चिकटते. चांगलं कापड गाडीसाठी राखून ठेवणं ही उधळपट्टी नाही. रंगावर एकदा पडलेली रेघ काढायची तर पॉलिशने तोच पातळ थर आणखी झिजवावा लागतो.