१६८ तासांचा हिशेब

दोस्तांनो, दहावी-बारावी झाली, की तुमच्यापैकी कित्येक जण कामाला लागतात. कुणी पहाटे पेपरची लाईन टाकतं, कुणी मेडिकलच्या काउंटरवर उभं राहतं, कुणी धाकट्यांच्या शिकवण्या घेतं. फी भरायची असते, घरीही चार पैसे द्यायचे असतात. यात लाजण्यासारखं काहीच नाही. उलट, आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘स्वावलंबी शिक्षण’ हेच तिचं ब्रीद. वसतिगृहातली मुलं शेतात राबायची आणि शिकायची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. इथलं काम शिक्षणासाठी होतं. कामापायी शिक्षण बुडू द्यायचं नव्हतं.

बाहेरच्या नोकरीत मात्र हे भान आपल्यालाच ठेवावं लागतं. मालक म्हणतो, “आज जरा जास्त थांब रे.” तेवढ्यात परीक्षा येते. मग कात्री कशाला लागते? झोपेला!

चला, हिशेब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप, म्हणजे ५६ गेले. सहा दिवस रोज ६ तास कॉलेज, ३६. रोज ३ तास काम, १८. येण्याजाण्याचा दीड तास, ९. आंघोळ, जेवण, घरातली कामं यांचे रोज ३ तास, २१. बेरीज झाली १४०. उरले २८, म्हणजे रोजचे चार. अडीच तास अभ्यास केला, तरी खेळायला, गप्पा मारायला दीड तास हातात! आता काम ३ तासांऐवजी ६ तास करून बघा. उरतात फक्त १०. रोजचा दीड ताससुद्धा नाही. अभ्यास, खेळ, मित्र, सगळं त्यातच कोंबायचं!

“मग झोप कमी करू,” असं म्हणाल. थांबा! १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं तज्ज्ञ सांगतात. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. रात्रभर जागून वाचणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

त्यापेक्षा अभ्यासाचे तुकडे पाडा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरं पाठ करायचे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडं थोडं, वेगवेगळ्या दिवशी विभागून पाठ करणं जास्त फायद्याचं ठरतं, असं त्याला दिसलं. म्हणून आज अर्धा तास वाचा, परवा तेच पुन्हा चाळा. बसची वाट बघतानाही दहा मिनिटं होतातच की!

आणि काम धरण्याआधीच दोन गोष्टी विचारून घ्या: सुट्टी कधी? परीक्षेच्या दिवसांत काय? आधी विचारलं तर भीड वाटत नाही. नंतर जीभ रेटत नाही. पहिली पक्की नोकरी लागलेल्या ताई-दादांनीही हे लक्षात ठेवावं.

एवढं करूनही कधी सगळं अंगावर येतं. भूक लागत नाही, उगाच चिडचिड होते, वर्गात डोळे मिटतात. हा आळस नव्हे, ओझं जास्त झाल्याची खूण आहे. अशा वेळी गप्प बसू नका. आईबाबांशी, सरांशी बोला. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवाही आहे. १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं.

तर दोस्तांनो, आज रात्री वहीचं एक पान घ्या आणि तुमचे १६८ तास मांडा. पण एक अट! पहिल्या ओळीत झोपेचे ५६ लिहायचे. बाकीचं सगळं त्याच्या खाली!