चालीची ओळ

आत्याकडे ‘सौभद्र’ नाटकाची एक जुनी प्रत होती. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, पाठीला खळ लावून चिकटवलेला खाकी कागद, आणि पानांना कापराचा वास, कारण पुस्तक राहायचं देव्हाऱ्याखालच्या फडताळात. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असे. राग अमुक, ताल तमुक, आणि पुढे ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे तीन-चार शब्द. सात-आठ वर्षांचा असताना माझी समजूत अशी, की नटाने रंगमंचावर कसं चालत यावं याची ही सूचना आहे. सुभद्रेची चाल वेगळी, नारदाची वेगळी. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. दिवाळीला घरी जो येईल त्याला तिने ही गोष्ट सांगितली.

पण त्या ओळीने माझी पाठ सोडली नाही. पद आवडलं की मी त्याच्या डोक्यावर बघायचो. ज्या गाण्याच्या चालीवर हे बांधलं, ते गाणं कुठे असेल? काही शब्द हिंदी, काही लावणीचे, काही कानडी, देवनागरीत छापल्यामुळे वाचता येणारे पण एक अक्षर न समजणारे. स्वरलिपी तेव्हा घरोघरी पोचलेली नव्हती. लोकांच्या कानात आधीपासून असलेल्या गाण्याचं नाव सांगणं, हाच चाल पोचवायचा सोपा मार्ग. आज ती मूळ गाणी कुणाच्या कानात नाहीत. पत्ता आहे, घर पडलेलं आहे.

कानडी चालींचं कोडं मात्र लवकर सुटलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा. दोन्ही भाषा कानात घेऊनच हा माणूस १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’ घेऊन आला. त्याच्याही मागे जावं तर सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून. ज्या नाट्यसंगीताला आपण मराठी माणसाची खास मिरास म्हणतो, त्याच्या तळाशी कृष्णेच्या पलीकडचं पाणी आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्यांना वाटतो त्यांनी आपल्या प्रती काढून डोक्यावरच्या ओळी वाचाव्यात.

पुढे गोविंदराव टेंब्यांनी १९११च्या ‘मानापमान’मध्ये पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या वळणाच्या चाली आणल्या, आणि १९१६च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी. मी आधी पदं ऐकली, बंदिशी नंतर. त्यामुळे कॉलेजात असताना एका मैफलीत गवयाने विलंबितानंतर द्रुत सुरू केली, तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, “यांनी नाटकातलं पद उचललंय की!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जागा बदलून बसले.

असाच घोटाळा सैगलच्या बाबतीत झाला. ‘देवदास’मध्ये त्याने म्हटलेली झिंझोटीतली ठुमरी मी कितीतरी वर्षं सैगलचीच समजत होतो. मग एका संग्राहकाच्या घरी, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज ऐकला. तीन मिनिटांत सगळं. आवाज बारीक, जवळजवळ बायकी, पण सुराला चिकटलेला असा की सुई आणि गळा यांत फरक करता येईना. सैगलने ती ठुमरी या आवाजाला कान लावून घेतली होती हे लगेच कळलं. तबकडी संपल्यावर यजमानांनी ती पुसून पाकिटात ठेवली आणि म्हणाले, “भीमसेन जोशी लहानपणी गदगला हीच ऐकून वेडे झाले.” मग चहा आला. त्या तीन मिनिटांनी कलकत्त्याचा एक नट आणि धारवाडकडचा एक मुलगा, दोघांना एका दोरीत ओवलं होतं, आणि गंमत म्हणजे गाणारा माणूस होता मूळचा उत्तरेतल्या कैराण्याचा, राहणारा मिरजेचा.

मिरजेला मी त्यानंतर पुष्कळदा गेलो. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लोक जमिनीवर बसतात, पोरं मध्येच उठून फुटाणे आणायला जातात, आणि एखादा नामांकित गवई रात्री केव्हातरी तंबोरे लावतो. तंबोरेही बहुधा तिथलेच, कारण सतारमेकरांची गल्ली हाकेच्या अंतरावर. खाँसाहेबांची कबर याच आवारात. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइल स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला. सांगतात, गाडीतून उतरून फलाटावर बिछाना टाकला आणि दरबारीत अल्लाचं नाव घेतलं. दक्षिणेत त्यांचं येणंजाणं जुनं. म्हैसूर दरबारचा लोभ होता, आणि त्यागराजांची कृती त्यांनी तबकडीवर गायली आहे. उत्तरेचा खाँसाहेब तेलुगू कृती म्हणतो, हे ऐकताना माझे कान पहिल्यांदा दक्षिणेकडे वळले.

तिकडे वळले म्हणूनच माटुंग्याची मामी भेटली असं मी मानतो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी, कुंभकोणमकडची. तिच्या आजोबांचा हरिकथेचा व्यवसाय. एका नवरात्रात बाहुल्यांचा गोलू मांडलेला असताना ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द तमिळ, पण लय अशी ओळखीची की मी फराळाची ताटली हातात घेऊन दारातच उभा राहिलो.

“मामी, हे काय आहे?”

“साकी,” ती म्हणाली. “कथेत मध्ये मध्ये येते. दिंडी पण असते. तुमच्याकडे नाही का?”

आमच्याकडे! ‘सौभद्र’मध्ये साक्या आणि दिंड्या पानोपानी आहेत. साकीच्या ओळीत अठ्ठावीस मात्रा, दिंडीच्या ओळीत एकोणीस. हरिदासांनी कीर्तनात घोळवलेली ही मराठी मापं किर्लोस्करांनी नाटकात घेतली, आणि तीच मापं कावेरीकाठी तमिळ शब्द अंगावर घालून बसलेली. झालं असं, की १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी मांडलेलं तंजावरचं राज्य १८५५ पर्यंत चाललं. दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ, संस्कृत सगळं एका पंगतीला. राज्य गेलं तरी मठ आणि माणसं राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची मराठी कीर्तनं तिथे गाजली आणि ती ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ कथेची घडी बसवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग, आर्या ही नावंसुद्धा त्यांनी बदलली नाहीत. आज अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री कर्नाटक मैफलीच्या शेवटी अभंग गातात तेव्हा षण्मुखानंदातले मराठी श्रोते कौतुकाने टाळ्या वाजवतात, जणू पाहुण्यांनी आपली भाषा शिकून घेतली. पाहुणे कसले, तिथली ती घरचीच गोष्ट आहे.

भावगीतांचा उल्लेख टाळून चालणार नाही, पण तिथे माझ्यापाशी सांगण्यासारखं थोडं. रेडिओने चालीची ओळ पुसली. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, वर्षभरात छप्पन गाणी झाली, आणि संगीतकार म्हणून सुधीर फडक्यांचं नाव घराघरात गेलं. चाल आता कुणाच्या तरी मालकीची झाली. हे चांगलंच झालं, पण पत्ता शोधायची सवय सुटली. आताचा फोन तर एक गाणं संपलं की ‘यासारखंच’ दुसरं लावतो. सारखं असणं आणि नात्यातलं असणं यांत फरक आहे. सैगल ऐकल्यावर फोनने मला एकदाही खाँसाहेबांकडे पाठवलं नाही.

चालीची ही ओळ फक्त आपल्याच पुस्तकांत असते असं मी समजत होतो. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत हे शाळेत शिकलेलं, पण ग्रंथाची मांडणी पाहायला मिळाली ती साठीनंतर. बहुतेक सगळी मांडणी रागांप्रमाणे. आणि ‘वार’ नावाच्या बावीस दीर्घ रचनांपैकी नऊ रचनांच्या डोक्यावर चक्क लिहिलेलं, की ही अमुक वीराच्या पोवाड्याच्या ‘धुनी’वर म्हणावी. पहाटे गुरुद्वारात ‘आसा दी वार’ म्हणतात, तिच्या डोक्यावर टुंडा असराज नावाच्या राजाच्या गाण्याची धून सांगितलेली आहे. मला आत्याचं फडताळ आठवलं. तीच बारीक ओळ, तीनशे वर्षं आधीची.

आत्या आता सांगलीला असते, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी कमी दिसतं. गेल्या वर्षी मी मामीला फोनवर तिच्याशी जोडून दिलं. मामीचं मराठी भाजीवाल्यापुरतं, आत्याचं तमिळ शून्य. मामीने साकी म्हटली. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग आत्याने तिच्याच लयीत, शब्द बदलून, रुक्मिणीच्या आख्यानातली एक साकी सुरू केली, आणि दुसऱ्या ओळीपासून मामी नुसत्या आकाराने तिच्यामागे गेली.

फोन ठेवायच्या आधी आत्या मला म्हणाली, “बाई चांगली आहे हो. शेवटची मात्रा जरा ओढते. सांग तिला.”

मी अजून सांगितलेलं नाही.