उंदीर उचलायचा कसा?

नवे औषध माणसाला देण्याआधी बहुधा प्रयोगशाळेतील उंदरांवर तपासले जाते. त्यांच्या खोलीतील तापमान, दमटपणा, खाद्य, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार, सारे काटेकोर ठरलेले असते. मात्र, उंदराला हाताळणारा हात कसा आहे, यावरही प्रयोगाचा निकाल अवलंबून असतो.

पिंजरा बदलताना उंदराला शेपटीला धरून उचलण्याची पद्धत जुनी आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की असे उचललेले उंदीर माणसाचा हात टाळतात आणि अधिक भेदरलेले असतात. नळीतून किंवा ओंजळीत उचलल्यास ही भीती बरीच कमी होते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१४ मध्ये आढळले, की पुरुषाच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया मंदावते. मग वेदना औषधाने कमी झाली की भीतीने, हे कसे ओळखणार?

भारतात अशा प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत. संस्थेची नोंदणी आणि प्राणी नैतिकता समितीची मंजुरी त्यात बंधनकारक आहे. पण रोज पिंजऱ्याशी असतो तो तिथला कर्मचारी. विस्कटलेली लव, वाकलेली पाठ, अर्धवट मिटलेले डोळे ही दुखण्याची लक्षणे ओळखून पशुवैद्यकाला वेळीच कळवायला त्याला शिकवावे लागते. या प्रशिक्षणात हयगय झाली, तर प्राण्याचे हाल होतातच, शिवाय रुग्णासाठी काढलेला निष्कर्षही भरवशाचा राहत नाही.