कुक्कुटखाद्यातील प्रतिजैविके आणि वनस्पतिज पर्याय

एखाद्या वस्तूचा 'पर्याय' शोधावयाचा असेल, तर मूळ वस्तू कोणते कार्य करीत होती हे प्रथम निश्चित केले पाहिजे. कुक्कुटपालनात प्रतिजैविके तीन कार्यांसाठी वापरली गेली : झालेल्या रोगावर उपचार, रोगास प्रतिबंध आणि पक्ष्यांची शीघ्र वाढ. वनस्पतिज खाद्यपूरकांची चर्चा करताना ही तीन कार्ये वेगळी न ठेविल्यास अपेक्षाभंग अटळ होय.

प्रतिजैविकांचा वृद्धिकारक गुण 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टोकस्टाड व ज्यूक्स यांच्या प्रयोगांतून पुढे आला. ऑरिओमायसिनच्या उत्पादनातील अवशेष खाणारी पिल्ले अधिक वेगाने वाढली. परंतु अल्प मात्रा दीर्घकाळ दिल्याने दुर्बल जंतू मरतात आणि प्रतिकारक्षम जंतूंस मोकळे रान मिळते. म्हणून स्वीडनने 1986 मध्ये व युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी होणारा हा वापर बंद केला. कोलिस्टिन हे मानवी चिकित्सेतील अखेरच्या आधारांपैकी एक. भारताने जुलै 2019 मध्ये खाद्योपयोगी प्राण्यांसाठी त्याचा वापर निषिद्ध ठरविला.

वनस्पतिज पूरकांत हळद, ओवा व लसूण ही द्रव्ये परिचित आहेत. ओव्यातील थायमॉल जंतूंच्या स्निग्ध आवरणात शिरून त्यास सच्छिद्र करते. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे त्याचा दाहशामक परिणाम मुख्यतः आतड्यातच अपेक्षावयाचा.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी वसलेल्या कुरुंदवाडसारख्या गावी हळद दुर्मिळ नाही. सांगलीची प्रसिद्ध हळदपेठ जवळच आहे. तथापि सुलभता म्हणजे निश्चितता नव्हे. कर्क्युमिनचे प्रमाण सामान्यतः 2 ते 5 टक्के, म्हणजे वजन तेच असूनही मात्रा दुपटीहून अधिक बदलू शकते. खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या उष्णतेने ओव्यासारख्या द्रव्यांतील बाष्पनशील तेले उडून जातात. रंगासाठी लेड क्रोमेट मिसळलेली हळद तर पक्ष्याच्या शरीरात शिसेच घालते.

याहून महत्त्वाचा प्रश्न ओलाव्याचा आहे. 2019 व 2021 चे महापूर शिरोळ तालुक्याने अनुभवले. परंतु नित्याच्या पावसाळ्यातही शेडमधील तूस ओलसर होते. रक्ती हगवणीच्या परोपजीवींची बीजे अशा ओलाव्यातच संसर्गक्षम बनतात, आणि त्यांनी जखमी केलेल्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम जंतू माजतात. खाद्यातील प्रतिजैविक या जंतूंस दाबून ठेवी. परिणामी शेडमधील दोष झाकला जाई. हळद तूस कोरडे करीत नाही. ते काम वायुवीजनाचे, तूस वारंवार हलविण्याचे व पक्ष्यांची दाटी कमी करण्याचे आहे.

सारांश, वनस्पतिज पूरके वाढीच्या कार्यात काही अंशी पर्याय ठरतात, प्रतिबंधात साहाय्यक होतात. उपचारात मात्र ती प्रतिजैविकांची जागा घेऊ शकत नाहीत. जंतुजन्य रोगाने आजारी पडलेल्या कळपास पशुवैद्याने निदान करून दिलेले योग्य प्रतिजैविकच हवे, आणि ते त्या वेळी गुणकारी राहावे यासाठीच त्यास रोजच्या खाद्यातून दूर ठेवणे अगत्याचे आहे.