फिल्म कां वळते?

घरीं धुतलेली फिल्म वाळल्यावर पुष्कळदां सुरळीसारखी वळते. अशा निगेटिव्हची छाप काढतांना एक कड स्पष्ट, तर दुसरी अंधुक येते. बळेंच सपाट करूं गेल्यास ओरखडा उठतो. ती दिवंगत आप्ताची एकुलती छबी असेल, तर ही हानि भरून येत नाहीं.

कारण साधें आहे. फिल्मच्या पारदर्शक पट्टीच्या एका अंगावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यानें फुगतो आणि वाळतांना पट्टीहून अधिक आक्रसतो. त्या ओढीनें पट्टी थराच्या बाजूस वळते. हवा जितकी कोरडी, तितकी ही ओढ अधिक.

म्हणून वाळवण्याची घाई करूं नये. ऊन व उष्ण वारा टाळून, खालच्या टोंकास वजनदार चिमटा लावून, फिल्म न्हाणीघरांत टांगावी. तरीही वळलीच, तर ३५ मिलिमीटरच्या फिल्मचे ६-६ चित्रांचे तुकडे करून, स्वच्छ कागदी पाकिटांत घालून, जाड ग्रंथांखालीं आठवडाभर ठेवावे. इस्त्री मात्र कधींही फिरवूं नये. पावसाळ्यांत पाकिटें कोरड्या जागीं ठेवावीं. दमट जिलेटिनवर बुरशी धरते, आणि तिनें खाल्लेलें चित्र पुन्हां मिळत नाहीं.